पारव्याचा पाहुणचार

आमच्या बोईसरला 'चायनीज' हा शब्द इतका घरचा झाला आहे की त्याचा चीनशी काही संबंध असेल हे आता कुणाच्या मनातही येत नाही. स्टेशनबाहेर पडा, नवापूर रस्त्याला लागा, नाहीतर एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी उभे राहा. लाल पाटी, तिच्यावर शेपटी उडवणारा ड्रॅगन, भडकलेल्या शेगडीचा आवाज आणि कढई हवेत उडवणारा नेपाळकडचा एखादा पोरगा. मालक मात्र बहुधा इथलाच. शेजवान, ट्रिपल राइस, चायनीज भेळ आणि अर्थात मंचुरियन. हे मंचुरियन चीनमधलं नाहीच मुळी. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं. आपलीच लसूण-मिरची तेलात परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, झालं.

माझी सून हाँगकाँगची. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा मुलगा हौसेनं कोपऱ्यावरून मंचुरियन घेऊन आला. तिनं दोन घास मन लावून खाल्ले आणि अगदी निरागसपणे विचारलं, "हा तुमच्याकडचा जुना पदार्थ का?" मी म्हटलं, "हो बाई, आता झालाय."

तर आज लिहायचं आहे ते खऱ्या चिनी जेवणाबद्दल. २०१६ साली मी महिनाभर मुलाकडे हाँगकाँगला गेले होते. तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईनं, मला जेवायला बोलावलं. ज्या ठिकाणी नेलं त्याची ख्याती मुख्यतः एका पदार्थासाठी. तो पदार्थ म्हणजे पारवा. होय, आपल्या गॅलरीत घुमतो तोच. म्हणजे त्याच कुळातला, पण खाण्यासाठी पाळलेला. वाचणाऱ्यांपैकी काहींनी इथेच नाक मुरडलं असेल. मुरडा, पण थोडं पुढे वाचा.

आपल्याकडे या पक्ष्याची दोन नावं. संस्कृतातल्या पारावतापासून आलेला पारवा आणि फारसीतून आलेलं कबूतर. जुन्या ग्रंथांत तो कपोत. आमच्या भागात पाड्यांवरची मुलं गलोलीनं होला नाहीतर कवडा पाडत, भाजून खात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांना त्याची वर्णनं सांगत. हे मी पस्तीस वर्षं ऐकलं. त्यात गंमत अशी, की हिरव्या पारव्यांतला हरियाल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. उंबराला फळं आली की तो येतो. पानांत असा मिसळतो की नुसता आवाज ऐकू येतो.

मी किनाऱ्यावरची, मासे खाणाऱ्या घरातली. बोंबील साफ करताना गप्पा मारू शकते, भुजिंग आवडीनं खाते. पण पारवा? तो कधी आमच्या घरात शिजला नव्हता. का, म्हणून विचारलं तर धड उत्तर नाही. जोडीनं राहतो म्हणून असेल, देवळाच्या शिखरात घर करतो म्हणून असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर कारण एक गोष्ट होती. ऑफ तासाला वर्ग शांत ठेवायचा असला की मी ती सांगत असे.

महाभारतात शांतिपर्वात भीष्मांनी ती युधिष्ठिराला सांगितली आहे. एक व्याध रानात वादळात सापडतो. थंडीनं काकडत, उपाशी, एका झाडाखाली येऊन पडतो. त्याच्या पिंजऱ्यात एक कपोती आहे, आणि तिचा नर त्याच झाडावर तिची वाट बघत रडतो आहे. ती पिंजऱ्यातूनच त्याला सांगते, की माझं राहू दे, हा आपल्या दारी आलेला पाहुणा आहे, त्याचं आधी बघ. नर विस्तव आणतो, पाला पेटवून त्याला ऊब देतो. मग खायला काय द्यायचं? पाखराच्या घरात साठवण नसते. तो अग्नीला प्रदक्षिणा घालतो आणि स्वतःच त्यात उडी घेतो. पुढे व्याधाचं मन पालटतं, तो तिला सोडून देतो, तीही त्याच अग्नीत जाते. इथपर्यंत आलं की वर्ग चिडीचूप. फक्त एकदा मागच्या बाकावरून आवाज आला होता, "बाई, एका पारव्यात पोट भरतं का हो?" वर्ग खो खो हसला, मीही हसले.

हा मुलगा मनोरकडच्या एका पाड्यावरचा. दहावीनंतर शिक्षण सुटलं, एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागला. रस्त्यात दिसला की "बाई" म्हणून हाक मारायचा, बस्स, एवढाच संबंध.

२०१० च्या पावसाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. ज्यांच्या घरात हे झालं असेल त्यांना ठाऊक आहे, अशा वेळी गावातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. आमच्याकडे भाजीवालीपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं: पारव्याचा रस्सा द्या, लकवा उतरतो. हा समज आपल्याकडे फार जुना आणि फार पक्का. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पारवा द्या नाहीतर कोंबडी द्या, ताकद सारखीच. रोजचा व्यायाम तेवढा चुकवू नका." म्हणजे विषय संपला होता.

पण एका रविवारी दुपारी तो दारात उभा. हातात टोपली, तिच्यावर फडकं बांधलेलं. आतून घुमण्याचा आवाज. "बाई, घरची आहेत. पोरांनी पाळलेली. साहेबांना द्या करून." मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतले. चहा घ्यायलाही धड बसला नाही, परतीची गाडी चुकेल म्हणाला. पोरांनी पाळलेली जोडी! ती घेऊन येताना घरात काय झालं असेल, कुणी रडलं असेल का, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मी ती जोडी शिजवली. कापून शेजारच्या बाईंनी दिली, मी मिरं, लसूण, आलं घालून पातळ रस्सा केला. हे दोन दिवस तो प्यायले. तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून, अडखळत म्हणाले, "हाडंच फार आहेत गं." झटका आल्यापासून त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. आता यावरून कुणी रश्श्याचा गुण मानू नये. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येत होती, श्रेय तिचं. पण मी त्या मुलाला निरोप पाठवला तो मात्र असा, की साहेब बोलायला लागले. यांना पुढे तीन वर्षं मिळाली. २०१३ साली गेले.

एवढं सगळं मनात असताना मी हाँगकाँगच्या आगगाडीत बसले होते, पारवा खायला निघालेली. विहीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. आमची त्यांची भाषाच एक नाही. त्यांना कँटनी येते, मला मराठी. इंग्रजी दोघींचीही बेताची, मधे सूनबाई.

शा टिन नावाचं ते ठिकाण. शब्दाचा अर्थ वाळूचं शेत. कौलूनहून कँटनकडे जाणारा रेल्वेमार्ग १९१० साली झाला, त्याच्यावरचं हे स्टेशन. आधी सगळी भातशेती आणि खाडी. १९७० नंतर सरकारनं खाडीत भर घालून नवं शहर वसवलं. आता नजर जाईल तिकडे तीस-तीस मजली इमारती. मुलगा हे सांगत होता आणि मला आपलं बोईसर आठवत होतं. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हा मी शाळकरी वय नुकतंच ओलांडलं होतं. भाताची खाचरं, मिठागरं, ताडाची झाडं, आणि बघता बघता कारखाने, चाळी, मग ओळीनं इमारती. फरक एवढाच, की त्यांची नदी स्वच्छ दिसली. आमच्या खाड्यांबद्दल न बोललेलं बरं.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर एक वाट डोंगरावर दहा हजार बुद्धांच्या मठाकडे जाते, जिथे शाकाहारी जेवण मिळतं. दुसरी वाट रुळांच्या कडेनं, झाडीतून, लुंग वाह हॉटेलकडे, म्हणजे पारव्यांकडे. दोन्ही वाटांवर माणसं सारखीच दिसली. काही तर सकाळी पहिल्या वाटेनं जाऊन दुपारी दुसऱ्या वाटेला लागत असावीत. आपल्याकडे श्रावण पाळून गटारी साजरी करणाऱ्यांनी हसू नये.

लुंग वाह १९५० च्या दशकापासून प्रसिद्ध. शहरातली माणसं सुटीच्या दिवशी गाडीनं इथे यायची, ओढ्याकाठी फिरायची, पारवा खायची आणि संध्याकाळी परत. चित्रीकरणाच्या दिवसांत ब्रूस ली इथे उतरायचा असं अभिमानानं सांगतात. राहायच्या खोल्या बंद झाल्या होत्या, उरलं होतं ते खाणावळीचं अंग. जुनी बैठी इमारत, पायऱ्या, कंदील, बागेत माजाँग खेळायची मेजं. आणि एका मोठ्या पिंजऱ्यात मोर! आपला राष्ट्रीय पक्षी असा पारव्याच्या खाणावळीत बघून मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

बसल्याबरोबर विहीणबाईंनी गरम चहा मागवला आणि पहिल्या चहानं सगळ्यांच्या वाट्या, पेले, काड्या धुतल्या. सून म्हणाली, ही इथली रीतच आहे. मला ते फार आवडलं. पाहुण्याचं पान आपल्या हातानं पुसून मांडणाऱ्या आमच्या आजीचीच जात ही. कुणी चहा ओतला की दोन बोटांनी मेजावर टकटक करायची, म्हणजे आभार. हे मी लगेच शिकले, आणि भाषा नसल्यामुळे जरा जास्तच केलं.

पारव्याला तिथे म्हणतात 'यू गाप'. गाप म्हणजे पारवा, यू म्हणजे दूध. दूधपितं पाखरू म्हणा. मी म्हटलं, पाखराला कसलं दूध? मग मुलानं सांगितलं ते मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. पारव्याच्या गळ्याखालच्या पिशवीत पिल्लांसाठी पनीरासारखा घट्ट रस तयार होतो, आणि तो फक्त मादीच्या नव्हे, नराच्याही. दोघं मिळून भरवतात. म्हणून पारवा कोंबडीसारखा यंत्रात उबवून हजारांनी वाढवता येत नाही, आईबाप लागतातच. जोड्या सांभाळाव्या लागतात, म्हणून तो महाग. साधारण चार आठवड्यांचं पिल्लू, अंगानं मोठ्याएवढं झालेलं पण एकदाही न उडालेलं, ते खातात. एकदा उडालं की छातीचं मांस चिवट होतं.

एकदाही न उडालेलं. हे ऐकून माझा हात थोडा थांबला खरा.

करण्याची पद्धत अशी: चक्रीफूल, दालचिनी, ज्येष्ठमध, संत्र्याची सुकवलेली साल आणि सोया घातलेल्या पाण्यात अख्खा पक्षी मंद शिजवायचा. मग माल्टची काकवी आणि व्हिनेगर चोळून वाऱ्यावर टांगून कातडी कोरडी करायची. शेवटी तेलात तळायचा. रंग येतो पॉलिश केलेल्या शिसवी लाकडासारखा. समोर येतो तो डोक्यासकट, सोबत मसाल्याचं मीठ. काड्या बाजूला ठेवायच्या आणि प्लॅस्टिकचे हातमोजे घालून हातानं खायचं. एरवी काड्यांशी झगडणारी मी, इथे सगळ्यांच्या बरोबरीला आले.

विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं एक तुकडा निवडून माझ्या वाटीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आता इथे 'नको' म्हणायला माझ्याकडे सबबी भरपूर होत्या. वय, दात, वार. कुणी रागावलं नसतं. पण पोरीला परक्या मुलखात दिलेली एकटी बाई आपल्या परीनं सगळ्यात चांगलं ते पुढे ठेवते आहे, आणि पिंजऱ्यातली ती कपोती काय म्हणाली होती? मी खाल्लं. कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत मांस काळसर, रसाळ, कोंबडीपेक्षा दाट चवीचं, काळजाच्या चवीकडे जाणारं. चांगलं होतं. अगदी खरं सांगायचं तर फार चांगलं होतं. आणि हो, हाडं फार होती.

ते वाक्य आठवलं आणि मला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. विहीणबाई घाबरल्या. तिखट लागलं का, म्हणून पाणी पुढे केलं. मग मी सगळंच सांगितलं. तुटक तुटक, सूनबाई थांबून थांबून उलगडत होती. यांचा झटका, टोपली, रस्सा.

विहीणबाई ऐकत होत्या, मधेच सुनेचा हात धरून भराभर काहीतरी बोलायला लागल्या. सून गप्प झाली. बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं. त्यांच्याकडेही असंच आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पारव्याचं सूप देतात, जखम लवकर भरते म्हणून. सुनेच्या वडलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा विहीणबाई पहाटे उठून, तासन् तास मंद आचेवर सूप करून, थर्मासमध्ये भरून इस्पितळात न्यायच्या. सात दिवस नेलं. आठव्या दिवशी थर्मास भरलेला तसाच परत आला. सून तेव्हा परीक्षेला बसली होती; थर्मासची गोष्ट तिनंही आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

मग पेज आली. हो, पेजच. त्यांची कोंबडी घातलेली तांदळाची पेज, आपल्यासारखीच मऊ, वाफाळलेली. आम्ही दोघींनी ती काही न बोलता संपवली. मुलगा बिलाकडे हात नेत होता, विहीणबाईंनी तो फटकन बाजूला केला. या बाबतीत भाषांतराची गरज पडली नाही.

परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तुला जड गेलं का?" मी म्हटलं, "नाही रे. पचलं." त्याला वाटलं मी पोटाचं बोलते आहे.

पक्ष्यांवरून एक आठवलं. हाँगकाँगनं बर्ड फ्लू १९९७ सालीच भोगला. अठरा माणसांना लागण झाली, सहा दगावली, आणि दहा लाखांच्या वर कोंबड्या माराव्या लागल्या. आपल्याकडे तो पहिल्यांदा आला २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरला. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे आम्हाला फोनवर फोन. त्यांना वाटलं आमचंच, बोईसरजवळचं नवापूर! समुद्रकिनाऱ्यावरच्या आमच्या नवापूरकरांना महिनाभर उगीच खुलासे करावे लागले. असो.

२०१८ साली विहीणबाई बोईसरला येऊन गेल्या. मी त्यांना उकडहंडी खायला घातली, सुक्या बोंबलाची चटणी घातली, पालघरच्या बाजारात फिरवलं. वाळवलेली मासळी त्यांच्याकडेही असते, त्यामुळे बाजारात त्या माझ्यापेक्षा जास्त घासाघीस करत होत्या, तीही बोटांवर. सकाळी गॅलरीत चहा घेताना जाळीबाहेर पारव्यांची जोडी येऊन बसली. त्यांनी बारकाईनं न्याहाळलं आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं काय. सून हसत म्हणाली, "तळायला जून आहेत, पण सूप होईल, म्हणते."

आता आम्ही व्हिडिओवर बोलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून गदारोळ झाला. विष्ठेमुळे फुप्फुसाचे आजार होतात म्हणून पालिकेनं तो ताडपत्री घालून बंद केला, दाणे घालणाऱ्यांनी ताडपत्री फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात. मुलानं ती दृश्यं विहीणबाईंना दाखवली असावीत, कारण त्या दिवशी पहिला प्रश्न तोच. एवढं धान्य घालून वाढवतात आणि खात नाहीत? मी म्हटलं, नाही, पुण्य म्हणून घालतात. त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा विचारलं, मग घरी पाहुणा आला तर त्याला काय देतात?

मी म्हटलं, कांदेपोहे.